मशीन नव्हे, झटका बंद: आयसीडी असलेल्या रुग्णाशी अखेरच्या काळात कसं बोलायचं

हा विषय पहिल्यांदा काढायची वेळ आली तेव्हा मी सरळ विचारून टाकलं होतं, "काका, तुमचं मशीन बंद करायचं का?" काकांचा हात आपसूक डाव्या खांद्याखालच्या उंचवट्यावर गेला. तिथे त्यांचा आयसीडी होता, हृदयाची लय जीवघेणी बिघडली की आतून झटका देणारं छोटं यंत्र. शेजारी बसलेल्या काकू उठल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

माझी माहिती बरोबर होती, हेतूही चांगला होता. शब्द चुकला. मराठीत माणूस जातो तेव्हा त्याचं हृदय ‘बंद पडतं’. छातीतलं काहीतरी ‘बंद करू या’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार? तेव्हापासून मी ‘मशीन बंद’ म्हणत नाही, ‘झटका बंद’ म्हणते. पुढचं सगळं बरंचसं या एका बदलाभोवतीच फिरतं.

वॉर्डात, घरी जाऊन सेवा देणाऱ्या टीममध्ये किंवा पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेत) नव्याने आलेल्या डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हे लिहिते आहे. अंतिम निर्णय आणि यंत्राचं प्रोग्रॅमिंग हृदयरोगतज्ज्ञांच्या टीमकडे असतं. पण रुग्ण मनातलं बोलतो ते बहुधा तुमच्याशी, औषधं द्यायला गेलात तेव्हा.

छातीत नेमकं काय आहे ते आधी शोधा

रुग्ण आणि नातेवाईक सगळ्याच यंत्रांना ‘पेसमेकर’ म्हणतात. फाइलमध्येही कधी कधी तेच लिहिलेलं असतं. म्हणून खोलीत जाण्याआधी डिव्हाइस कार्ड मागा. यंत्र बसवताना दिलेलं ते छोटं कार्ड बरेच जण पाकिटात जपून ठेवतात. कार्ड हरवलं असेल तर छातीचा एक्स-रे बघा. आयसीडीच्या तारेवर जाड, ठळक दिसणारी कॉइल असते, साध्या पेसमेकरच्या तारेवर नसते.

साधा पेसमेकर हृदय मंदावलं की बारीकसा विद्युत संकेत देऊन ठोका घडवून आणतो. रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. आयसीडीचा पहारा दुसऱ्या टोकाला असतो. हृदयाचे खालचे कप्पे बेफाम धावू लागले की तो आधी काही जलद ठोके देऊन लय ताळ्यावर आणायचा प्रयत्न करतो. ते जमलं नाही, किंवा लय फारच बिघडलेली असली, तर झटका देतो, ३० ते ४० ज्यूलपर्यंतचा. शुद्धीवर असताना ज्यांनी तो सोसलाय ते सांगतात की घोड्याने छातीत लाथ घातल्यासारखं वाटलं.

बहुतेक आयसीडींमध्ये पेसमेकरचं कामही असतं. सीआरटी-डी प्रकारात आणखी एक तार असते. ती हृदयाच्या दोन्ही बाजूंना एका तालात आणते आणि त्यामुळे अनेकांची धाप कमी होते. त्वचेखालचा एस-आयसीडी खांद्याखाली न बसवता डाव्या काखेखाली, बरगड्यांवर बसवतात. थोडक्यात, एका डबीत दोन-तीन कामं, आणि प्रत्येक काम वेगवेगळं बंद करता येतं. हे आपल्याच डोक्यात पक्कं नसेल तर समोरच्याला समजावताना गोंधळ ठरलेला.

अखेरीला हे यंत्र त्रास का देतं

मिशेल मिरोव्स्की या हृदयरोगतज्ज्ञांना अशा यंत्राची कल्पना सुचली ती त्यांचे ज्येष्ठ सहकारी हृदयाच्या बेफाम लयीने एकाएकी गेले तेव्हा. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या शरीरात ते बसवलं गेलं. त्यातला ‘एकाएकी’ हा शब्द लक्षात ठेवा. चालत्याबोलत्या माणसाला अचानक गाठणाऱ्या मरणासाठी हे यंत्र आहे.

पण पसरलेल्या कर्करोगात किंवा थकत चाललेल्या हृदयात मरण टप्प्याटप्प्याने येतं. प्राणवायू कमी पडतो, मूत्रपिंडं काम टाकतात, पोटॅशियम वाढतं, रक्तात आम्ल साठतं, आणि या सगळ्यानेही लय बिघडते. यंत्राला तेवढंच दिसतं. ते झटका देतं. बिघाडाचं मूळ जागच्या जागी असल्याने लय पुन्हा बिघडते आणि पुन्हा झटका बसतो. एकाच प्रसंगात सहा-आठ झटकेही बसू शकतात. माणूस त्या वेळी बेशुद्ध असेल असं गृहीत धरू नका. आणि तो बेशुद्ध असला तरी हात हातात घेऊन बसलेली बायको किंवा मुलगी शुद्धीवर असते. त्यांच्या डोळ्यांसमोर ते शरीर पलंगावर उसळतं.

स्वीडनमध्ये मृत्यूनंतर काढलेल्या १२५ आयसीडींच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या गेल्या. त्यांतल्या ३१ टक्के रुग्णांना शेवटच्या २४ तासांत झटके बसले होते. निम्म्याहून अधिक जणांच्या फाइलवर डीएनआर, म्हणजे पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत, असा आदेश होता. तरीही त्यांच्यापैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांचा झटका मृत्यूच्या २४ तास आधीपर्यंत चालूच होता. नव्या लोकांकडून सगळ्यात जास्त निसटते ती हीच गोष्ट. डीएनआर लिहिल्याने आयसीडीचा झटका आपोआप बंद होत नाही. कागद माणसं वाचतात, यंत्र वाचत नाही.

कधी बोलायचं

खरं तर यंत्र बसवण्याआधीच. "आज हे तुमच्या उपयोगाचं आहे. पुढे कधी उपयोग संपला तर यातला झटका बंद करता येतो, ऑपरेशन करावं लागत नाही," एवढी दोन वाक्यं तेव्हा कानावर पडलेली असली की पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्यक्षात ती क्वचितच पडलेली असतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आयसीडी असलेल्या मृत रुग्णांच्या १०० नातेवाइकांना विचारलं गेलं होतं. डॉक्टरांनी झटका बंद करण्याविषयी चर्चा केली होती असं २७ जणांनी सांगितलं, आणि त्यातही बहुतेक चर्चा शेवटच्या काही दिवसांतल्या होत्या.

म्हणून संधी शोधत राहा. बॅटरी संपत आल्यामुळे यंत्र बदलायचं ठरतंय, झटका बसून रुग्ण दाखल झालाय, हार्ट फेल्युअरने वर्षभरात वारंवार भरती व्हावं लागतंय, दुसरा एखादा गंभीर आजार निघालाय, केमोथेरपी थांबवायचं ठरलंय: यांपैकी काहीही घडलं तर विषय काढायला हरकत नाही. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: हा रुग्ण पुढच्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर ‘नाही’ आलं तर बोलणं सुरू करा. आणि डीएनआरची चर्चा ज्या बैठकीत होईल त्याच बैठकीत झटक्याचीही व्हायला हवी, हा नियमच करून टाका.

खोलीत जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून तीन गोष्टी विचारा: अलीकडे झटके बसलेत का, रुग्णाचं हृदय पेसिंगवर, म्हणजे पेसमेकरच्या संकेतांवर, किती अवलंबून आहे, आणि झटका बंद करण्याबद्दल त्यांचं मत काय. रुग्णाला दोन डॉक्टरांकडून दोन वेगळी उत्तरं मिळाली तर तो दोघांवरचाही विश्वास गमावतो. कोणाला सोबत बसवायचं हे रुग्णालाच विचारा. मोबाइल सायलेंटवर ठेवा, आणि खुर्ची ओढून बसा. उभ्याउभ्या हे बोलणं होत नाही.

बोलायचं कसं

आधी ऐका. त्या काकांकडे मी तीन दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी त्यांना ओळखणाऱ्या सिस्टरना घेऊन. आधी माफी मागितली आणि मग विचारलं, "काका, हे यंत्र तुमच्यासाठी काय करतं, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"याच्यावरच तर माझं हृदय चालतंय," काका म्हणाले.

हे उत्तर तुम्हालाही अनेकदा मिळेल. ते मिळालं की लगेच दुरुस्त करायला धावू नका. त्या माणसाने कित्येक वर्षं ज्याच्या भरवशावर झोप घेतली ते हे वाक्य आहे. मी फक्त विचारलं, "कधी झटका बसला होता का?" दोनदा बसला होता, एकदा बाथरूममध्ये. तेव्हापासून काका दार लावून आंघोळ करत नव्हते. हे काकूंना माहीत होतं, आम्हा डॉक्टरांपैकी कोणालाच नव्हतं.

मग त्यांना काय हवंय ते विचारा. "पुढचे दिवस कसे जावेत असं वाटतं तुम्हाला?" हा प्रश्न सोपा दिसतो, पण विचारल्यावर गप्प बसणं अवघड जातं. कोणी म्हणतं, नातवाची परीक्षा होईपर्यंत राहायचंय. कोणी म्हणतं, आता बास, फक्त दुखू नये. यंत्राबद्दलचा तुमचा सल्ला या उत्तरातून निघायला हवा. आधीच ठरवून आणलेला नको. ज्याला अजून काही महिने मिळवायचे आहेत आणि ते मिळण्याची खरोखर शक्यता आहे, त्याला आज झटका चालू ठेवावासा वाटला तर ते योग्यच आहे. विषय पुढच्या भेटीसाठी उघडा ठेवा.

यानंतर दोन कामं वेगळी करून दाखवा. मी कागदावर एक चौकोन काढते आणि मधोमध रेघ मारते. "या डबीत दोन कामं आहेत. इकडचं काम, ठोके मंद झाले तर सांभाळणं. ते चालूच राहील, त्याला आपण हात लावत नाही. तिकडचं काम झटका देण्याचं. आजार या टप्प्यावर आल्यावर झटका आजार बरा करत नाही, आयुष्यही फारसं वाढवत नाही. शेवटच्या दिवसांत तो पुन्हा पुन्हा बसून त्रास मात्र देऊ शकतो. तेवढाच भाग बंद करता येतो." चौकोनातला उजवा भाग पेनाने खोडल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कितीही बोलून पडत नाही. (एस-आयसीडी असेल तर हे चित्र चालणार नाही. त्यात नेहमीच्या पेसिंगचं काम नसतं, तेव्हा चौकोन एकच.)

आणि सल्ला द्या. "निर्णय तुमचा" म्हणून कागद पुढे सरकवणं नव्या डॉक्टरांना सभ्यपणाचं वाटतं. रुग्णाला ते टाकून दिल्यासारखं वाटतं. "तुम्ही म्हणालात की दुखू नये, घरी शांत असावं. ते ऐकून मला वाटतं की झटका बंद करावा. तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणा, आणि मग थांबा. शांतता लांबली तरी ती भरायला जाऊ नका. उत्तर आजच मिळायला हवं असंही नाही.

लोक विचारतात ते प्रश्न

"झटका बंद केला की मी लगेच जाणार का?" नाही. बंद करताना काही जाणवत नाही, आणि त्या क्षणी हृदयाच्या ठोक्यांत काही फरक पडत नाही. पुढे लय बिघडली तर यंत्र मध्ये पडणार नाही, एवढाच बदल. ही बाजूही लपवू नका: "तशी वेळ आली तर मरण येऊ शकेल, आणि ते बहुधा झटक्यांशिवाय, शांतपणे येईल."

"म्हणजे हे मारणंच झालं ना?" हा प्रश्न नातेवाइकांपेक्षा परिचारिकांनी मला जास्त वेळा विचारलाय, तोही बाजूला घेऊन. निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाला कोणतेही उपचार नाकारण्याचा हक्क आहे. नको असलेला उपचार सुरूच न करणं आणि सुरू असलेला थांबवणं यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही. मृत्यू आजारामुळे येतो. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हृदयलय-तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक निवेदनांची भूमिकाही हीच आहे. तरीही एखाद्याचं मन तयार होत नसेल तर त्याने ते काम सहकाऱ्याकडे सोपवावं. रुग्णाला मात्र ताटकळत ठेवू नये. कायद्याची चौकट आणि लागणारी कागदपत्रं ठिकाणानुसार बदलतात, ती आपल्या संस्थेत विचारून घ्या.

"विचार बदलला तर?" पुन्हा चालू करता येतो, ज्या यंत्राने बंद केला त्याच यंत्राने, काही मिनिटांत. हे आवर्जून सांगा. पुष्कळ लोक ते ऐकल्यावरच होकार देतात.

"बाबांना सांगू नका, आमच्याशी बोला." इथे मुलांशी वाद घालू नका. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" असं विचारा. बहुधा बाबा खचतील, ही असते. मग बाबांनाच विचारता येतं, "काका, तुमच्या तब्येतीबद्दल तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय, आणि किती मुलांशी बोलू?" काही जण खरंच मुलांवर सोपवतात. तोही त्यांचाच निर्णय. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर त्याने आधी काही लिहून किंवा सांगून ठेवलंय का ते बघा. नसेल तर नातेवाइकांना "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारू नका, "काका इथे बसून ऐकत असते तर काय म्हणाले असते?" असं विचारा. प्रश्नातल्या या फरकाने मुलांच्या खांद्यावरचं ओझं बरंच हलकं होतं.

प्रत्यक्ष बंद करताना

प्रोग्रॅमर नावाचं, लॅपटॉपसारखं दिसणारं यंत्र लागतं. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर वेगळा असतो, म्हणून कार्डावरचं कंपनीचं नाव आणि मॉडेल तंत्रज्ञाला आधी कळवा. छातीवर किंवा जवळ सेन्सर धरायचा, स्क्रीनवर झटका आणि त्याआधी जलद ठोके देण्याचा उपचार दोन्ही बंद करायचे, पेसिंग तसंच ठेवायचं, प्रिंट काढायची. सुई नाही, चीर नाही. घरी बसून यंत्राची माहिती पाठवणारं जे रिमोट मॉनिटरिंग असतं, त्यातून सहसा झटका बंद करता येत नाही. कोणालातरी रुग्णापर्यंत जावंच लागतं. रुग्ण घरी जाणार असेल तर हे काम रुग्णालयातच उरकून घ्या.

तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत, किंवा रात्री दोन वाजता झटके सुरू झाले तर, चुंबक कामी येतं. जाड बांगडीसारखं गोल चुंबक आयसीडीच्या बरोबर वर ठेवून चिकटपट्टीने नीट बसवा. चुंबक आहे तोवर यंत्र लय ओळखून झटका द्यायचं थांबतं, काढलं की बहुतेक यंत्रं पुन्हा सज्ज होतात. आयसीडीचं पेसिंग चुंबकाने थांबत नाही. काही यंत्रांतून बीप ऐकू येतो, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. काही यंत्रांत चुंबकाला प्रतिसाद देणंच प्रोग्रॅमिंगमध्ये बंद केलेलं असू शकतं, आणि एस-आयसीडीवर चुंबक ठेवायची जागा शोधावी लागते. म्हणून ते ठेवून निघून जाऊ नका, मॉनिटरकडे आणि रुग्णाकडे लक्ष ठेवा. वॉर्डातलं चुंबक कोणत्या कपाटात आहे ते आजच बघून या. माझ्या पहिल्या रात्रपाळीत ते शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली होती.

झटका बसत असताना रुग्णाला हात लावला तर आपल्याला किंचित झिणझिण्या येऊ शकतात, इजा होत नाही. जवळच्या माणसाला हे सांगा, नाहीतर तो घाबरून हात सोडतो.

"मग पेसमेकरही बंद करा"

असं कोणी म्हटलं तर घाई करू नका. "पेसमेकरमुळे माणूस मरतच नाही, अडकून पडतो" हा समज फार पसरलेला आहे. पेसमेकर संकेत देतो. त्या संकेताला उत्तर द्यायला हृदयाचा स्नायू जिवंत लागतो. शेवटी स्नायूच प्रतिसाद देईनासा होतो आणि संकेत वाया जातात. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना मिळाला. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत जगले आणि ८६व्या वर्षी कर्करोगाने गेले. पेसमेकरने त्यांचं मरण अडवून धरलं नाही.

उलट पेसिंग बंद केल्याने चक्कर, धाप, थकवा वाढू शकतो, आणि हृदय पूर्ण त्यावर अवलंबून असेल तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. सीआरटीचं पेसिंग तर धाप कमी ठेवण्यासाठीच असतं. सगळं समजूनही रुग्णाची मागणी ठाम असेल तर तो नाकारण्याचा विषय नाही, पण ते वरिष्ठ, हृदयरोगतज्ज्ञ आणि गरज वाटल्यास नीतिविषयक समिती यांच्यासोबत, त्रासावरची औषधं हाताशी ठेवून करायचं काम आहे. एकट्याने नाही.

नोंद, आणि त्यानंतरचं

फाइलमध्ये लिहा: कोणाशी बोलणं झालं, रुग्णाची निर्णयक्षमता, कारण, नेमकं काय बंद केलं आणि काय चालू ठेवलं, तारीख, वेळ, बंद करणाऱ्याचं नाव. ‘आयसीडी बंद’ एवढंच लिहू नका. रात्रपाळीच्या माणसाला त्यातून पेसिंग चालू आहे की नाही ते कळत नाही. एक प्रत घरी द्या, एक फॅमिली डॉक्टरांना पाठवा. घरच्यांना सांगा की रुग्णवाहिका आलीच तर तो कागद आधी दाखवायचा.

मृत्यूनंतरचं एक काम नव्या लोकांना कोणी सांगत नाही. दहन होणार असेल तर यंत्र आधी काढावं लागतं, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. काढण्याआधी आयसीडीचा झटका बंद आहे याची खात्री करायची. चालू राहिला असेल तर तार हाताळताना किंवा कापताना यंत्र त्याला बिघडलेली लय समजून काढणाऱ्यालाच झटका देऊ शकतं. घरच्यांची परवानगी शक्य तर आधीच घेऊन ठेवा. त्या काकांच्या वेळी काकूंनीच ते काढलेलं यंत्र मागून घेतलं होतं, एका छोट्या डबीत.